काउंटडाउनचे १५ राउंड: नऊ अक्षरं, सहा आकडे आणि अर्धंच घड्याळ

युट्यूबवर जिमी कारच्या त्या कॉमेडी शोच्या क्लिप्स बघणारे आपल्याकडे बरेच जण आहेत, एट आउट ऑफ टेन कॅट्स डझ काउंटडाउन असं त्याचं लांबलचक नाव. कॉमेडियन लोक बसून एकमेकांची खेचत असतात, मधेच कुणीतरी "व्हॉवेल प्लीज, कॉन्सोनंट प्लीज" करतं, रेचल रायली फळ्यावर अक्षरं लावते, घड्याळ वाजायला लागतं, आणि मग एक जण म्हणतो सेव्हन, दुसरा म्हणतो सिक्स, आणि पॉइंट कुणाला किती मिळाले नि का मिळाले हे काही कळत नाही कारण तिथे त्याचं कुणाला पडलेलंच नसतं. पण त्या मस्करीच्या खाली जो गेम आहे तो खरा आहे, जुना आहे, आणि त्याचे राउंड ज्या पद्धतीने रचलेत ना ते नीट बघितलं तर जाम हुशारीचं काम आहे. तेच आज समजून घेऊ.

मूळ कार्यक्रमाचं नाव नुसतं काउंटडाउन. ब्रिटनमध्ये चॅनल फोर सुरू झालं ते २ नोव्हेंबर १९८२ ला, आणि त्या चॅनलवर लागलेला पहिलाच कार्यक्रम हा. तेव्हापासून चालूच आहे, दुपारच्या वेळी, पेन्शनर मंडळी आणि कॉलेजची पोरं हे त्याचे हक्काचे प्रेक्षक. कल्पना मात्र इंग्रजांची नाही, फ्रेंचांची. तिकडे १९६५ मध्ये "सगळ्यात लांब शब्द" अशा अर्थाच्या नावाचा फक्त अक्षरांचा खेळ सुरू झाला, १९७२ मध्ये त्यात आकडे आले आणि नाव झालं दे शिफ्र ए दे लेत्र, म्हणजे आकडे आणि अक्षरं, विषय संपला. ब्रिटिशांनी तो उचलला, थोडा कापला-शिवला आणि घड्याळ लावलं.

आता हा गेम म्हणजे डिक्शनरी पाठ असणाऱ्यांचा आणि गणित पक्कं असणाऱ्यांचा असं वाटतं, ते आहेच, पण माझं मत असं की निकाल फिरतो तो तीन बारीक नियमांवर: अक्षरं किंवा आकडे कोण मागतंय, आधी तोंड कोण उघडतंय, आणि पॉइंट फक्त वरचढ उत्तरालाच मिळतात. हे तीन डोक्यात ठेवा, बाकी सगळं आपोआप उलगडतं.

एका भागात दोन स्पर्धक. गेल्या वेळचा विजेता आणि नवीन आलेला. राउंड १५, त्यातले १० अक्षरांचे, ४ आकड्यांचे आणि शेवटचा १ कोनंड्रम, म्हणजे नऊ अक्षरी शब्दाचं कोडं. अक्षरांचे आणि आकड्यांचे राउंड एकमेकांत मिसळून येतात, कोनंड्रम मात्र कायम शेवटी. प्रत्येक राउंडला ३० सेकंद. स्टुडिओतलं ते मोठं घड्याळ बघितलं असेल तर लक्षात येईल की काटा बारापासून निघतो आणि सहावर येऊन थांबतो, डावी अर्धी बाजू नुसती शोभेला. त्या ३० सेकंदांचं म्युझिक ॲलन हॉकशॉ यांनी केलं होतं आणि शेवटी ते जे धप्पकन उतरतं ना, ते ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

अक्षरांचा राउंड

टाइल्सचे दोन गठ्ठे, पालथे ठेवलेले. एकात स्वर, एकात व्यंजनं. ज्याची पाळी असेल तो स्पर्धक एकेक करून मागत जातो, स्वर द्या, व्यंजन द्या, असं करत नऊ अक्षरं. कमीत कमी ३ स्वर आणि कमीत कमी ४ व्यंजनं पाहिजेत एवढीच अट, म्हणजे खरा चॉइस एवढाच की स्वर तीन घ्यायचे, चार की पाच. कुठलं अक्षर येईल ते त्याच्या हातात नाही, फक्त जात त्याच्या हातात. मग घड्याळ सुरू, आणि त्या नऊ अक्षरांतून जमेल तेवढा लांब शब्द बनवायचा, प्रत्येक टाइल एकदाच वापरून.

विशेषनामं चालत नाहीत, कॅपिटल अक्षराने सुरू होणारे शब्द नाहीत, मधे डॅश असलेले नाहीत. अनेकवचन, भूतकाळ, आयएनजी लावलेलं रूप, हे चालतं. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत सापडला तर शब्द खरा, नाहीतर तुमच्या आजोबांनी आयुष्यभर वापरलेला असला तरी शून्य. हे तपासायला बाजूला डिक्शनरी कॉर्नर असतो, तिथे १९९२ पासून सुझी डेंट बसतात, सोबत एखादा पाहुणा. स्पर्धकांना जे सुचलं नाही ते त्या शेवटी सांगतात, त्याचे पॉइंट कुणाला नाहीत, नुसती चुटपुट.

उदाहरण घेऊ. समजा अक्षरं आली डी, टी, ए, आर, ई, जी, आय, एन, एस. तीन स्वर, सहा व्यंजनं. बहुतेकांना आधी ट्रेडिंग दिसेल, कारण आयएनजी दिसलं की डोळा तिकडेच जातो, सात अक्षरं झाली. जरा शांत डोक्याचा माणूस स्ट्रेन्ड काढेल, म्हणजे ताण पडलेला, ते आठ. ग्रेडियंट पण आठ. आणि ज्याच्या लक्षात येईल की अरे एस अजून शिल्लक आहे, तो ग्रेडियंट्स करून नऊच्या नऊ अक्षरं संपवेल. म्हणून फळ्यावर एस आला की अनुभवी खेळाडू मनातल्या मनात तो बाजूला काढून ठेवतात, आधी बाकीच्या आठांतून शब्द शोधायचा आणि शेवटी एस चिकटवता येतो का बघायचं. तसंच ईडी, ईआर, आरई, ओयूटी हे तुकडे. पूर्ण शब्द आठवण्यापेक्षा असले तुकडे जोडत जाणं हे जास्त कामाला येतं, निदान मला तरी ह्या लोकांचे शब्द ऐकून तसंच वाटतं.

पॉइंट्सचं गणित सोपं, जेवढी अक्षरं तेवढे पॉइंट. फक्त नऊ अक्षरी शब्दाला ९ नाही, डबल, १८. पण खरी गंमत पुढे आहे. ज्याचा शब्द लांब त्यालाच पॉइंट. तुमचा सात अक्षरी आणि समोरच्याचा सहा अक्षरी, तर स्कोअर ७-६ नाही, ७-०. दोघांचे सारखे असतील तर दोघांनाही. म्हणजे एका अक्षराच्या फरकाची किंमत एक पॉइंट नाहीये, अख्खा शब्द आहे. नऊ अक्षरी काढला आणि समोरच्याने पण तोच काढला तर १८-१८, म्हणजे दोघांनी भारी काम केलं पण आपसातलं अंतर जैसे थे. ह्या एका नियमामुळे गेम "मी किती केले" असा राहत नाही, "मी त्याच्यापेक्षा किती वर" असा होतो.

आधी कोण बोलणार

वेळ संपली की लगेच शब्द सांगायचा नसतो, आधी फक्त लांबी सांगायची. सेव्हन. सिक्स. एवढंच. आणि ज्याने अक्षरं मागितली त्याने आधी सांगायचं. वरवर बघता हे नुसते मॅनर्स वाटतात पण ह्यात खरा डाव आहे.

समजा तुमच्याकडे एक पक्का सहा अक्षरी शब्द आहे आणि एक सात अक्षरी आहे जो डिक्शनरीत असेल का नाही ह्याची खात्री नाही. समोरच्याने आधी सांगितलं, फाइव्ह. तर तुम्ही निवांत सिक्स म्हणायचं, सात घेऊन कशाला झक मारायची, सहा घेतले की काम झालं. पण समोरचा म्हणाला सेव्हन, तर तुमच्या पक्क्या सहाची किंमत शून्य, मग तो डाउटफुल सात अक्षरी टाकण्यावाचून पर्याय नाही, लागला तर ७-७, नाही लागला तर तसंही काही मिळणार नव्हतंच. म्हणजे मागाहून बोलणाऱ्याला माहिती जास्त. आणि म्हणून अक्षरं मागायचा हक्क ज्याला त्यालाच आधी बोलायची सक्ती. एक हात द्यायचा, दुसरा काढून घ्यायचा. कुणाला सुचलं असेल हे पहिल्यांदा माहीत नाही पण सलाम आहे.

त्यानंतर ज्याची लांबी कमी तो आधी आपला शब्द सांगतो. दोघांचा शब्द एकच निघाला तर मागच्याने कागद दाखवायचा, कारण "माझा पण तोच" हे काय कुणीही म्हणेल. आणि वेळेत लिहून झालं नसेल तर तसं आधीच कबूल करून पहिल्यांदा बोलायचं.

पूर्वी हे राउंड इतके नव्हते. सुरुवातीला अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता, ९ राउंड, सहा अक्षरांचे, दोन आकड्यांचे आणि कोनंड्रम. २००१ मध्ये पाऊण तासाचा झाला तेव्हा १५ झाले, पण ११ अक्षरांचे आणि ३ आकड्यांचे. आता हिशोब करा, दोन माणसांत ११ कसे वाटणार? एकाला सहा, दुसऱ्याला पाच. आकड्यांचे तीन म्हणजे एकाला दोन, दुसऱ्याला एक. मागण्याचा हक्क असमान. २०१३ पासून एक अक्षरांचा राउंड काढून त्याजागी आकड्यांचा घातला, १० आणि ४, म्हणजे पाच-पाच आणि दोन-दोन, दोघांना अगदी सारखं. एका राउंडची अदलाबदल, पण गेम सरळ झाला.

आकड्यांचा राउंड, आणि इथे आपले आजी-आजोबा पुढे

मला स्वतःला हाच राउंड सगळ्यात आवडतो त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

एकूण २४ टाइल्स. त्यातल्या २० लहान, १ ते १० प्रत्येक आकडा दोनदा. आणि ४ मोठ्या: २५, ५०, ७५, १००. मोठ्या वरच्या ओळीत असतात म्हणून स्पर्धक म्हणतो "वन फ्रॉम द टॉप", म्हणजे वरून एक, बाकी पाच खालून. वरून शून्य ते चार कितीही घेता येतात, एकूण सहा झाले पाहिजेत. टाइल्स पालथ्या, त्यामुळे इथेही फक्त जात निवडायची. मग मशीन एक तीन आकडी टार्गेट देतं. त्या मशीनचं नाव सेसिल, काउंटडाउन्स इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर इन लीड्स ह्याची आद्याक्षरं. शूटिंग २००९ मध्येच लीड्समधून हललं पण सेसिलच्या नावातलं लीड्स काही सुटलं नाही.

नियम: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बास. वर्ग, घात, दोन आकडे शेजारी ठेवून बावीस वगैरे करणं, काही नाही. प्रत्येक टाइल जास्तीत जास्त एकदा, सगळ्या वापरायलाच पाहिजेत असं नाही. आणि मधल्या कुठल्याही पायरीला अपूर्णांक आला नाही पाहिजे, ऋण संख्या पण नाही. बरोब्बर टार्गेट आलं तर १० पॉइंट, पाचपर्यंत इकडेतिकडे असेल तर ७, सहा ते दहा लांब असेल तर ५, त्यापुढे काही नाही. इथेही तोच कायदा, जो जवळ त्यालाच, सारखं अंतर असेल तर दोघांना.

सोपं उदाहरण: १००, ९, ७, ४, ३, २ आणि टार्गेट ७२८. शंभर गुणिले सात सातशे. उरले अठ्ठावीस. नऊ वजा दोन सात, चोक अठ्ठावीस. झालं, तीन तसाच राहिला, राहू दे.

आता त्या चार मोठ्या आकड्यांकडे परत बघा. २५, ५०, ७५, १००. पाव, अर्धा, पाऊण, एक. जुन्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे सांगायला नको, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढे पाठ करून घ्यायचे, चुकलं की छडी. स्टुडिओ कुठलाही असो, ह्या राउंडचं निम्मं काम म्हणजे शुद्ध पाऊणकी आहे. सहा पाऊण साडेचार, म्हणजे ७५ गुणिले ६ साडेचारशे. आठ पाऊण सहा, म्हणजे सहाशे. नऊ पाऊण पावणेसात, ६७५. अकरा पाऊण सव्वाआठ, ८२५. ज्याला हे झोपेत येतं त्याला टार्गेट बघितल्या बघितल्या जवळचं स्टेशन दिसतं.

सवायकी पण. समजा १००, २५, ९, ७, ४, २ आलेत आणि टार्गेट ८६६. शंभर आणि पंचवीस मिळवले, सव्वाशे. सात सवाय पावणेनऊ, ८७५. त्यातून नऊ गेले, ८६६. दोन टाइल्स शिल्लक आणि वीस सेकंद पण शिल्लक. किंवा ७५, २५, ८, ६, ३, १ आणि टार्गेट ६१३: आठ पाऊण सहाशे, त्यात २५ मिळवून ६२५, बारा कमी करायचेत, तीन वजा एक दोन, दोन सक बारा. माझी खात्री आहे की गावाकडच्या जुन्या दुकानातले एखादे आजोबा इंग्रजी न येता ह्या राउंडमध्ये त्या लोकांना घाम फोडतील. आपण मात्र पाऊणकी सोडली आणि कॅल्क्युलेटर धरला, चालायचंच.

एकूण किती वेगवेगळे सहा आकडे येऊ शकतात माहितीये? १३,२४३. शून्य मोठे घेतले तर २,८५०, एक घेतला तर ५,८०८, दोन ३,६९०, तीन ८४० आणि चारही मोठे घेतले तर फक्त ५५, कारण मग उरलेले दोनच निवडायचे असतात. टार्गेट १०१ ते ९९९ धरलं तर एकूण प्रश्न होतात एक कोटी एकोणीस लाखांच्या वर. पाठ करून येण्यासारखं नाही हे. पण चार मोठे घेणारे लोक ह्याच ५५ वर भरवसा ठेवून येतात, की साच्याची तयारी करून ठेवली तर बाकीच्यांना जे विचित्र वाटतं ते आपल्याला रोजचं वाटेल.

चार मोठ्यांवरूनच ती १९९७ ची फेमस क्लिप आठवते, बऱ्याच जणांनी बघितली असेल. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. टार्गेट ९५२. स्पर्धक म्हणाला जमलं. शंभर अधिक सहा १०६. गुणिले तीन ३१८. आणि मग म्हणाला गुणिले ७५. बोर्डावर कॅरल व्होर्डरमन, तेव्हा रेचल रायलीच्या जागी त्या असायच्या, लिहितायत २३,८५०, टार्गेट नऊशे काहीतरी आणि हा माणूस तेवीस हजारात फिरतोय, स्टुडिओत हशा. त्यातून ५० वजा, २३,८००. भागिले २५. ९५२.

लोक ही क्लिप "काय डोकं आहे" म्हणून फॉरवर्ड करतात, पण त्याने एवढ्या लांबून का फेरा मारला हे कुणी सांगत नाही, आणि तीच खरी मजा आहे. सरळ विचार असा: ९५२ म्हणजे ९५४ वजा २. ९५४ म्हणजे १०६ गुणिले ९. १०६ आहे, शंभर आणि सहा. ९ कसे आणायचे? ७५ ला ३ ने गुणून २५ ने भागलं की ९. आणि ते २ कसे आणायचे? ५० भागिले २५. पण गोची ही की २५ ची टाइल एकच आहे आणि ती दोन्हीकडे लागतेय. मग काय, भागाकार पुढे ढकलायचा. ९ च्या ऐवजी २२५ ने गुणायचं, २ च्या ऐवजी ५० वजा करायचे, म्हणजे सगळंच पंचवीस पट मोठं झालं, आणि शेवटी एकदाच २५ ने भागलं की दोन्ही कामं एका टाइलमध्ये. शाळेत छेद समान करायचो तोच प्रकार, उलट्या बाजूने. तेवीस हजार हा आकडा त्याच्यासाठी मोठा नव्हताच, तो ९५२ चाच होता, फक्त वेगळ्या मापात.

कुठले आकडे मागायचे

इथे तो पहिला नियम येतो, मागतंय कोण. वरून एक किंवा दोन घेतले तर राउंड सहसा सोपा, दोघांनाही उत्तर मिळतं, १०-१०, अंतर हलत नाही. जो पुढे आहे त्याला हेच पाहिजे. जो मागे आहे त्याला हे परवडत नाही, त्याला काहीतरी असं पाहिजे की ज्यात समोरचा अडकेल, मग स्वतः अडकलो तरी चालेल. म्हणून मागे पडलेला माणूस अचानक सगळे सहा लहान मागतो, किंवा चारही मोठे मागतो.

सहा लहानांत प्रॉब्लेम हा की मोठं टार्गेट गाठायला टाइल्सच संपतात. टोकाचं उदाहरण म्हणजे १, १, २, २, ३, ३. एक आणि दोन मिळवून तीन, असं दोनदा, आणि मग चार तीन एकमेकांत गुणले की ८१. ह्याच्या वर काहीही केलं तरी जाता येत नाही. टार्गेट तीन आकडी असल्यामुळे दोघेही बसा बोंबलत.

आकडेमोड करून बघा. शेवटच्या आकड्यांच्या राउंडआधी तुम्ही १८ ने मागे आहात, त्यानंतर फक्त कोनंड्रम उरलंय ज्याचे १० पॉइंट. सोपा राउंड आला आणि दोघांनी सोडवला तर अंतर १८ च, कोनंड्रम जिंकून पण उपयोग नाही, गेम तिथेच संपला. पण कठीण राउंड आला, तुम्हाला जमला, त्याला नाही, तर अंतर ८, आणि कोनंड्रमवर तुम्ही जिंकू शकता. म्हणून तो माणूस सहा लहान मागतो तेव्हा तो वेडेपणा नसतो, दुसरा रस्ताच नसतो.

कोनंड्रम

शेवटचा राउंड. फळ्यावर नऊ अक्षरं उलटसुलट मांडलेली, बहुतेक वेळा त्याचे दोन-तीन गमतीशीर शब्द बनतील अशी, म्हणजे डोळा मुद्दाम चुकावा. त्यातून एकच नऊ अक्षरी शब्द ओळखायचा. बझर. जो आधी दाबेल त्याने बोलायचं, बरोबर तर १० पॉइंट, चूक तर तो बाद, उरलेला सगळा वेळ दुसऱ्याचा. इथे लांबी-बिंबी काही नाही, मागणं नाही, आधी-नंतर नाही. दोघांना एकच कोडं, एकच घड्याळ. १४ राउंड डावपेच झाल्यावर शेवटी नुसती धावण्याची शर्यत.

कोडं बनवणाऱ्याचं काम पण सोपं नसतं कारण उत्तर एकच निघालं पाहिजे. एज्युकेशन हा शब्द इंग्रजीत नऊ अक्षरी, पाच स्वर, वाटतं किती छान कोनंड्रम होईल, पण त्याच नऊ अक्षरांतून लिलाव झालेला ह्या अर्थाचा ऑक्शन्ड बनतो आणि ताकीद दिलेला ह्या अर्थाचा कॉशन्ड पण. तीन उत्तरं. असले शब्द टाळावे लागतात.

कोनंड्रमच्या आधी अंतर १० किंवा त्याहून कमी असेल तर त्याला क्रुशल कोनंड्रम म्हणतात, लाइट्स डीम होतात, सगळे श्वास रोखून. आणि १० चा आकडा फार मापून ठेवलाय बघा. ५० असते तर आधीच्या चौदा राउंडना अर्थ उरला नसता, आपल्याकडच्या कित्येक गेम शोमध्ये शेवटच्या प्रश्नाला इतके पॉइंट ठेवतात की आधी काय झक मारली असं वाटतं. २ असते तर कुणी बघितलंच नसतं. १० म्हणजे एका बऱ्या राउंडएवढे, जवळची मॅच फिरू शकते, एकतर्फी फिरत नाही. बरोबरी झाली तर अजून एक कोनंड्रम.

जास्तीत जास्त किती होऊ शकतात? दहा राउंड गुणिले १८, १८०. चार आकड्यांचे ४०. कोनंड्रमचे १०. एकूण २३०. हे नुसतं कागदावर, कारण प्रत्येक वेळी नऊ अक्षरी शब्द निघेल अशी अक्षरं येतच नाहीत. शंभरच्या वर गेला की चांगला खेळाडू समजा.

जिंकलेला माणूस पुढच्या भागात परत खेळतो, हरेपर्यंत किंवा आठ जिंकेपर्यंत. आठ जिंकले की ऑक्टोचॅम्प, आणि मग त्याला थांबवतात, घरी जा, सीझनच्या शेवटी ये. सीझनचे टॉप आठ जण मग नॉकआउट खेळतात. त्या आठांचा क्रम आधी किती मॅच जिंकल्या ह्यावर आणि नंतर एकूण पॉइंट्सवर ठरतो, त्यामुळे समोरचा कधीच हरलाय अशा मॅचमध्ये पण चांगला खेळाडू ढिला पडत नाही, तो आता समोरच्याशी खेळतच नसतो, सीझनमधल्या बाकीच्यांशी खेळत असतो. आणि एवढं सगळं करून बक्षीस काय, तर एक मॅच जिंकली की चहाची किटली. काउंटडाउन लिहिलेली. रोख रक्कम नाही. लोक त्या किटलीसाठी वर्षानुवर्षं तयारी करतात, आणि मला हे सगळ्यात जास्त पटतं.

घरी खेळायचं असेल तर

आकड्यांचा राउंड उद्यापासून चालू करता येईल, कागदाच्या २४ चिठ्ठ्या आणि मोबाइलचं टायमर, टार्गेटसाठी कुणालाही तीन आकडे बोलायला सांगा. पोरं टेबल्स न सांगता म्हणायला लागतील.

अक्षरांचा राउंड मराठीत आणायचा म्हटला की घोडं अडतं. इंग्रजीत टाइल म्हणजे टाइल, एस कुठेही लावला तरी एसच. आपल्याकडे स्वर बहुतेक वेळा मात्रा होऊन व्यंजनाला चिकटतो, मग "स्वर द्या" म्हटल्यावर काय देणार, इ की वेलांटी? जोडाक्षर एक मोजायचं की दोन? आपली पेपरातली शब्दकोडी ह्यातून वाट काढतात, एका चौकोनात एक अख्खं अक्षर मात्रेसकट, "क्रि" असेल तर "क्रि". पण तसं केलं तर टाइल्स शेकड्यांनी लागतील आणि जुळणी क्वचित होईल. मला वाटतं मधला मार्ग हा की टाइल्सवर नुसती मूळ व्यंजनं ठेवायची आणि मात्रा, अनुस्वार वगैरे फुकट, हवे तिथे हवे ते लावा. क, म, ल, र, न, स, त, व, ग अशा नऊ टाइल्स असतील तर त्यातून कमल निघतं, नगर निघतं, गिरवलं निघतं, समांतर निघतं. स्वरांची अट मग उडवून टाकायची. जोडाक्षराला दोन टाइल्स. लांबी अर्थातच कमी येईल, मराठी शब्द व्यंजनांत मोजले तर आखूड असतात, त्यामुळे सहा टाइल्सच्या शब्दालाच डबल द्यायला हरकत नाही. कुणी खेळून बघितलं तर नियम कुठे फाटतो ते जरूर सांगा, विशेषतः स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांचं काय करायचं त्यावर माझं अजून ठरत नाहीये.

तोपर्यंत हा एक घ्या, ३० सेकंद, चीटिंग नको: ७५, २५, ९, ६, ४, २. टार्गेट ७३१. पाऊणकी येत असेल तर नवापासून सुरू करा.